जगात जर्मनी, सहाव्या फ्रेटवर परभणी

बेस गिटार वाजवणाऱ्याकडे स्टेजवर कुणी बघत नाही. गाणाऱ्याकडे बघतात, लीडवाल्याकडे बघतात, ड्रमरकडे तर बघावंच लागतं. बेसवाला मागे अंधारात उभा असतो आणि गॅदरिंगच्या फोटोत त्याचा फक्त एक खांदा येतो. माझ्या घरच्यांनाही बरेच दिवस वाटत होतं की मी साधी गिटारच वाजवते. आई एकदा म्हणाली, "तुझ्या गिटारला दोन तारा कमी का गं? स्वस्तात मिळाली का?" तर मित्रमैत्रिणींनो, हा लेख त्या उरलेल्या चार तारांबद्दल आहे. खरं तर चारही नाही, एकाच तारेबद्दल, आणि त्या तारेवरच्या एकाच जागेबद्दल.

आमच्या बँडचा बेस कुणा एकाच्या मालकीचा नाही. चार बॅचेसपूर्वी एका दादाने तो सेकंड हँड आणला, पास होऊन जाताना मागे ठेवून गेला, आणि तेव्हापासून जो कोणी बेस वाजवेल त्याच्या खोलीत तो राहतो. गावाकडे सप्ताहात वीणा अशीच फिरते. सात दिवस ती खाली ठेवायची नसते. एकाचा पहारा संपला की दुसऱ्याच्या गळ्यात. गंगाखेडजवळच्या आमच्या गावात माझ्या आजोबांचा पहारा रात्री दोन ते चार असायचा, आणि त्या वेळी डोळे उघडे ठेवणं हीच मोठी साधना असते असं ते म्हणायचे. आमच्या बेसला एवढी शिस्त नाही. तो सध्या लेडीज हॉस्टेलमध्ये माझ्या पलंगाखाली, बकेट आणि जर्नल्सच्या मधे राहतो. हेडस्टॉकवरचं कंपनीचं नाव केव्हाच खरवडलं गेलंय, त्या जागी मार्करने चार बॅचेसची वर्षं लिहिलेली आहेत.

ह्या बेसला एक जुनं दुखणं आहे. सगळ्यात बारीक तार, म्हणजे जी स्ट्रिंग, सहाव्या फ्रेटवर दाबून छेडली की सी शार्प वाजायला हवा. तो वाजतो, पण लगेच जातो. आजूबाजूचे सूर सहा-सात सेकंद आरामात रेंगाळतात, हा दोन सेकंदांत आटोपतो. त्यातही तो सरळ विझत नाही. खालचा भरीव आवाज आधी गळून पडतो आणि मागे एक सप्तक वरचा किरटा आवाज उरतो, जसं काही कुणी दार लावून घेतलं आणि आतून बोलतंय. इंग्रजीत ह्याला डेड स्पॉट म्हणतात. आमच्या बँडमध्ये "खड्डा" म्हणतात.

दोन वर्षं आम्ही खड्डा चुकवून वाजवत होतो. ह्या वर्षी गॅदरिंगसाठी जे गाणं ठरलं, ते आमच्या गायकाच्या पट्टीत काळी एकमध्ये बसतं. काळी एक म्हणजे सी शार्प. म्हणजे नेमका सा च खड्ड्यात! आणि गाण्याच्या मधल्या भागात सगळे थांबतात आणि बेसने एकट्याने तो सूर धरून ठेवायचा आहे. दोन सेकंदांत बेस गप्प झाला की स्टेजवर जी शांतता पसरते, ती लाइट गेल्यावरच्या शांततेपेक्षा वाईट असते. लाइट गेली तर निदान पोरं शिट्ट्या तरी मारतात.

मीटिंग झाली. गावातला एक अकरावीचा मुलगा बेस ४,५०० रुपयांना घ्यायला तयार होता. बरा नवा बेस साधारण १५,००० ला पडत होता. वरचे १०,५०० पाच जणांत वाटून घ्यायचे, डोक्यावर २,१००. तिघे म्हणाले, चालेल. मी हिशोब करत बसले होते. गायक काहीच बोलला नाही. त्याचं घर मानवत तालुक्यात, शेतीवर चालणारं, आणि २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यात त्याच्या घरचं सोयाबीन उभ्याने सडलं. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये तो मला म्हणाला, "मी ह्या वर्षी जरा अभ्यासाकडे लक्ष द्यावं म्हणतो. तुम्ही दुसरा गायक बघा." अभ्यासाकडे! आमच्या वर्गातला टॉपर आहे तो. आणखी एक गोष्ट मला खटकत होती. त्या अकरावीच्या मुलाला खड्ड्याबद्दल सांगायचं की नाही, हा विषय मीटिंगमध्ये कुणी काढलाच नव्हता.

मी आठ दिवस मागून घेतले.

आता "सस्टेन" म्हणजे काय ते आधी बघू, कारण सगळं घोडं तिथेच अडतं. मी शाळेत कॉन्व्हेंटमध्ये होते, तिथे हॉलमध्ये एक पियानो होता आणि त्याच्या उजव्या पेडलला सस्टेन पेडल म्हणतात एवढं मला ठाऊक होतं. पेडल दाबलं की तारांवरचे फेल्टचे बोळे वर उचलले जातात आणि सूर लांबतो. त्यासाठी मराठी शब्द मला माझ्या मावशीकडून मिळाला. ती शास्त्रीय गाणं शिकते. सूर छेडल्यानंतर मागे जे रेंगाळत राहतं त्याला ती "आस" म्हणते. "ह्या तानपुऱ्याला आस चांगली आहे." मला वाटलं होतं आस म्हणजे वाट बघणं, विठ्ठलाच्या भेटीची आस वगैरे. पण सूर मागे रेंगाळतो तोही एका अर्थी वाटच बघत असतो, नाही का? असो. व्हायब्रेशनच्या पेपरात असं लिहिलं तर मार्क जातील.

ह्याच मावशीबरोबर मी गेल्या दिवाळीत मिरजेला गेले होते. तिच्या तानपुऱ्याची जवारी काढायची होती. मिरजेत तंतुवाद्यं बनवायचं काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालू आहे. फरीदसाहेबांपासून ही परंपरा सांगतात. हे मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे लोक. तलवारींचं काम कमी झालं तसे ते सतारी आणि तानपुऱ्यांकडे वळले. तानपुऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. पण मला तिथे भारी वाटली ती एका कारागिराची कानस. फर्स्ट इयरला फिटिंग शॉपमध्ये चौकोनी तुकडा घासून घासून आपल्या हाताला फोड येतात ना, तीच ती कानस, फक्त बारीक दाताची. तानपुऱ्याच्या तारा ज्या रुंद पट्टीवरून जातात ती घोडी. तिचा माथा सपाट दिसतो पण नसतो, त्याला अगदी हलकी गोलाई असते. कारागीर दोन हात कानस मारायचे, तार चढवायचे, छेडायचे, ऐकायचे, परत तार उतरवायची. असं तासभर चाललं. मग तारेखाली सुताचा एक धागा सरकवला, आणि आतापर्यंत जो आवाज साधा टण् होता तो एकदम उमलला! दुसरा शब्द नाही त्याला.

ह्याच्या मागचं कारण असं, की तार कंप पावताना घोडीच्या गोलाईला चाटून जाते. त्या चाटण्यामुळे मूळ सुरातली ऊर्जा वरच्या सुरांमध्ये, म्हणजे हार्मॉनिक्समध्ये, जात राहते आणि कानाला सूर जिवंत राहिल्यासारखा वाटतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर एक शोधनिबंध लिहिला, त्यात नेमकं हेच आहे. तार बरोबर मध्यावर छेडली तर पुस्तकाप्रमाणे एक सप्तक वरचा सूर त्यात उमटायलाच नको, कारण त्या सुराचा स्थिर बिंदू तिथेच असतो. तानपुऱ्यात मात्र तो खणखणीत ऐकू येतो, आणि ह्याचं श्रेय घोडीला आहे. गिटारवाले लोक तार फ्रेटला चाटली की "बझ" म्हणून नाक मुरडतात आणि दुरुस्तीला नेतात. मिरजेत तीच गोष्ट तासभर बसून मुद्दाम घडवतात.

पण तानपुऱ्याचं एक बरं आहे. त्याच्या चारही तारा मोकळ्याच वाजतात, बोट कुठे दाबायचं नसतं. कारागिराला मोजके सूर सांभाळायचे असतात. माझ्या बेसला चार तारा आणि वीस फ्रेट. मोकळ्या तारा धरून ८४ जागा. ह्या ८४ पैकी एकही जागा लाकडाच्या मनाविरुद्ध जाणार नाही असं होणं कठीण. चौऱ्याऐंशीच्या फेऱ्यात सापडणं म्हणतात ते हेच असावं!

तर पहिला दिवस. पहिला संशय जुन्या तारांवर. बेसच्या तारा महाग असतात, म्हणून जगभरचे फुकटे बेसवाले एक उपाय करतात: तारा काढून पाण्यात उकळायच्या. वेटोळ्यांत अडकलेला घाम आणि मळ निघतो आणि काही दिवस आवाज परत झळकतो. मेसच्या काकूंनी पातेलं दिलं, पण "हे कुठल्या देशाचे नूडल्स गं?" असं विचारून. तारा उकळल्या, पुसल्या, चढवल्या. सगळे सूर चकचकीत झाले. खड्डा जिथल्या तिथे.

दुसरा संशय नेकच्या स्क्रूंवर. बेसची मान धडाला मागून चार स्क्रूंनी जोडलेली असते. ती सैल असेल तर सगळ्याच सुरांची आस कमी होते. तारा ताणलेल्या असतानाच स्क्रू अर्धा आटा सैल करून परत घट्ट केले, म्हणजे मान आपल्या खाचेत नीट बसते. थोडा फरक पडला, सगळीकडे सारखाच. पिकअप तारांच्या फार जवळ असला तर त्याचं चुंबक तार ओढून धरतं, म्हणून तोही दोन मिलिमीटर खाली घेतला. खड्डा हसत होता.

तिसरा संशय सहाव्या फ्रेटवर, किंवा त्याच्या पुढच्या एखाद्या वर आलेल्या फ्रेटवर. इथे फिटिंग शॉपच्या मामांनी स्टीलची पट्टी दिली. "हे काय करायलीस गं पोरी? जॉब सोडून गिटार मोजायलीस व्हय?" पट्टी तीन-तीन फ्रेटवर ठेवून हलते का बघायचं. हलली नाही. तेवढ्यात मला एक टेस्ट सुचली, आणि ह्या लेखातली एकच गोष्ट तुम्ही लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. जी तार अर्धा सूर खाली उतरवायची, जी चा एफ शार्प करायचा. आता सी शार्प सहाव्या ऐवजी सातव्या फ्रेटवर येतो. दोष जर फ्रेटचा असेल तर खड्डा सहाव्यावरच राहील. दोष जर त्या सुराचा असेल तर खड्डा उठून सातव्यावर जाईल.

खड्डा सातव्यावर गेला. रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मी खोलीत एकटीच नाचले. रूममेट उठून बसली आणि परत झोपली.

म्हणजे दोष जागेचा नव्हता, फ्रीक्वेन्सीचा होता. १३८.६ हर्ट्झ. पण मग हाच सूर डी तारेच्या अकराव्या फ्रेटवर ठणठणीत कसा वाजतो? (तिथेच का वाजवत नाही, असं तुम्ही विचाराल. गाण्यात हात आधीच्या पट्ट्यात पाचव्या-सहाव्या फ्रेटवर धावत असतो, तिथून अकराव्यावर उडी मारून वेळेत पोचणं मला तरी जमत नाही.) फ्रीक्वेन्सी तीच, जागा वेगळी, आणि सूर जिवंत. ह्याचा अर्थ दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात: सूर तोच, आणि मानेवरची जागा अशी जिथे मान जास्त हलते. सहावा फ्रेट डोक्याकडे, अकरावा धडाकडे. डोक्याकडची मान जास्त हलते.

सातव्या सेमिस्टरच्या मुलांना इथपर्यंत उत्तर आलं असेल. बेसची मान म्हणजे कॅन्टिलिव्हर. एक टोक धडात घट्ट, दुसऱ्या टोकाला हेडस्टॉक आणि त्यावर चार जाडजूड खुंट्या. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हापासून ही तार ३४ इंची असते, म्हणजे मान चांगलीच लांब. अशा कॅन्टिलिव्हरची स्वतःची एक नॅचरल फ्रीक्वेन्सी असते. तारेचा सूर तिच्याशी जुळला की तारेची ऊर्जा मानेत शिरते, मान डोलते, आणि लाकडाच्या आतल्या घर्षणात ती ऊर्जा गरम होऊन संपते. पिकअप तर फक्त तारेला ऐकतो. मान कितीही डोलली तरी स्पीकरमध्ये काही येत नाही. मूळ सूर गेला, दुप्पट फ्रीक्वेन्सीवर मान डोलत नाही म्हणून वरचं सप्तक मागे राहिलं. किरट्या आवाजाचा उलगडा झाला! ह्यालाच आपल्या पुस्तकात डायनॅमिक व्हायब्रेशन ॲब्सॉर्बर म्हणतात. हेरमान फ्राम नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९०९ मध्ये तो शोधला, थरथरणाऱ्या यंत्राला शांत करण्यासाठी. यंत्राला एक छोटं वजन-स्प्रिंग जोडायचं, त्याची फ्रीक्वेन्सी जुळवायची, की सगळी थरथर ते वजन पिऊन टाकतं. बेसमध्ये हा ॲब्सॉर्बर कुणी न मागता फुकट मिळालाय.

गिटारच्या डेड स्पॉटवर नीट मोजमाप केलं तेही जर्मनांनीच. म्युनिकला हेल्मुट फ्लायशर यांनी १९९० च्या दशकात इलेक्ट्रिक गिटार आणि बेसच्या मानेवर फ्रेटगणिक मोजलं की ती तारेची ऊर्जा किती सहज घेते, आणि जिथे सहज घेते तिथे सूर लवकर मरतो हे दाखवलं. "जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आपण उगाच नाही म्हणत! आणि भारतातलं म्हणाल तर पुन्हा रामनच. चेलोवर एखादा सूर असा असतो की तो गजाखाली लांडग्यासारखा गुरगुरतो, त्याला वुल्फ नोट म्हणतात, आणि त्यालाही कारण हेच, वाद्याचं अंग त्या सुराशी जुळतं. रामन यांनी १९१६ मध्ये ह्याचा अभ्यास छापला. तेव्हा ते प्रोफेसरही नव्हते. कलकत्त्यात सरकारी अर्थखात्यात नोकरीला होते आणि ऑफिसच्या आधी आणि नंतर प्रयोग करायचे. सबमिशनच्या नावाने रडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

रोग कळला. औषध दोनच प्रकारचं: मान कडक करा किंवा तिचं वजन बदला, म्हणजे नॅचरल फ्रीक्वेन्सी सरकेल. १९८० च्या सुमारास नेड स्टाइनबर्गरने ग्रॅफाइटच्या मानेचा, हेडस्टॉकच नसलेला बेस काढला. त्यात मान कडक आणि टोकाला वजन नाही, त्यामुळे तिची फ्रीक्वेन्सी पार वर जाते. पण आम्हाला २,१०० जड होते, तिथे ग्रॅफाइट कुठून आणणार? आमच्या हातात वजन वाढवणं होतं.

स्टेशन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून पिझोची एक चकती आणली, बझरमध्ये असते ती. हेडस्टॉकला चिकटवली, वायर लॅपटॉपच्या माइकच्या भोकात. बेस नेहमीसारखा गळ्यात घेतला, कारण टेबलावर ठेवला तर मान वेगळी वागते. तारा हाताने बंद केल्या, हेडस्टॉकवर बोटाच्या पेराने टकटक केली, आणि ऑडॅसिटीत स्पेक्ट्रम काढला. १३९ हर्ट्झला टोक. मानेचा सूर सी शार्पच्या अगदी कुशीत.

मग मामांकडून वर्कशॉपमधला अर्ध्या किलोचा सी-क्लॅम्प आणला, खाली चामड्याचा तुकडा देऊन हेडस्टॉकला आवळला. बेसचं तोंड जमिनीकडे झुकलं, खांदा दुखायला लागला, पण सी शार्प काय वाजला! सात सेकंद. बँडला फोन करणारच होते, तेवढ्यात दुसऱ्या फ्रेटचा ए वाजवला. ठक्. खड्डा चार फ्रेट खाली सरकला होता. पिझोवर टकटक केली तर टोक १०९ हर्ट्झवर, आणि ए ची फ्रीक्वेन्सी ११०.

इथून पुढे कागद-पेन. फ्रीक्वेन्सी वजनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात जाते. १३९ भागिले १०९, त्याचा वर्ग १.६३. म्हणजे ५०० ग्रॅमने मानेचं हलणारं वजन ०.६३ पटीने वाढलं. म्हणून मानेचं मूळ हलणारं वजन साधारण ८०० ग्रॅम. (मान काढून वजन केलं तर हा आकडा येणार नाही, टोकाला जेवढी हलते तेवढीच मोजली जाते. स्प्रिंग एक, वजन एक असं सोपं मॉडेल आहे हे, प्रोफेसर मंडळींनी सांभाळून घ्यावं.) आता मला खड्डा कुठे हवा? कुठल्याच सुरावर नको. पण सूर तर अर्ध्या-अर्ध्या पायरीने ठरलेले असतात, मधे जागा मोकळी असते! पाचव्या फ्रेटचा सी १३०.८, सहाव्याचा सी शार्प १३८.६. दोन्हीच्या मधे, १३४.६ वर मान नेऊन बसवली तर? गणित केलं: वजन सहा टक्के वाढवायचं. ८०० चे सहा टक्के म्हणजे ४८ ग्रॅम.

४८ ग्रॅम! आणि मी अर्धा किलो लटकवून खांदा मोडत होते.

मेसला किराणा देणाऱ्या काकांच्या दुकानात मी वायसरची पाकिटं बघत होते, आणि गल्ल्यामागे एका डब्यात जुनी लोखंडी वजनं दिसली. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून ती तशीच पडून होती. त्यात षटकोनी, काळं, बोटभर जाडीचं ५० ग्रॅम. "घेऊन जा की, कोण विचारतंय त्याला आता," असं म्हणून त्यांनी ते फुकट दिलं. हेडस्टॉकच्या मागे, अगदी टोकाला, सायकलच्या ट्यूबचा तुकडा मधे घालून ते दोन केबल टायने बांधलं.

टकटक. १३५ हर्ट्झ.

सी शार्प आता साधारण पाच सेकंद टिकतो. पण फुकट काहीच मिळत नाही. पाचव्या फ्रेटचा सी, जो आधी सात सेकंद वाजायचा, तोही आता पाचावर आला. एकाला न्यूमोनिया होता, तो दोघांना सर्दी म्हणून वाटून दिला, एवढंच. खड्डा बुजत नाही, तो कुठे ठेवायचा ते आपण ठरवू शकतो. गाण्यातला तो धरून ठेवायचा सूर चार सेकंदांचा आहे. मी स्टॉपवॉच लावून मोजला.

सातव्या दिवशी प्रॅक्टिस रूममध्ये सगळ्यांना ऐकवलं. आधी वजन काढून, मग लावून. ड्रमर म्हणाला, "म्हणजे वाण्याच्या वजनाने गिटार सुधारली?" लीडवाला लगेच आपल्या गिटारसाठीही एक ५० ग्रॅम मागायला लागला, त्याला म्हणलं, आधी तुझा खड्डा शोध. गायक मागे खुर्चीवर बसला होता. त्याने काही विचारलं नाही, फक्त म्हणाला, "परत एकदा धर तो सा." मी धरला. त्याने त्यावर आलाप सुरू केला आणि मला तो सूर पुन्हा पुन्हा छेडावा लागला, कारण तो थांबायलाच तयार नव्हता. विकायचा विषय नंतर कुणी काढला नाही. एकवीसशेचाही नाही.

क्लॅम्प मी मामांना परत दिलाय, चामड्यासकट. रजिस्टरमध्ये सही आहे, सरांनी बघून घ्यावं.

राहता राहिला तो अकरावीचा मुलगा. त्याला फोन करून सांगितलं की बेस विकायचा नाही, आणि का विकायचा नाही तेही सगळं सांगितलं. तो जरा नाराज झाला, मग म्हणाला, "ताई, मग शिकवशील का?" आता रविवारी तो कॉलेजच्या प्रॅक्टिस रूममध्ये येतो. पहिल्याच दिवशी त्याने हेडस्टॉकच्या मागे हात घालून ते वजन चाचपून बघितलं. मी केसच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलाय, पुढच्या बॅचसाठी: "५० ग्रॅम, काढू नये. काढलंच तर सहाव्या फ्रेटवर सांभाळून." मुलगा हुशार दिसतो. सध्या त्याला मोकळ्या चार तारांवर मेट्रोनोम लावून बसवलंय, आणि तो दर पाच मिनिटांनी विचारतो की फ्रेटवर कधी जायचं.